कारची बॅटरी बदलण्याचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीबद्दलचे प्रश्न लोकांना बहुधा गाडी बंद पडल्यावरच पडतात, आणि तेव्हा चार ठिकाणी चौकशी करायला सवड नसते. म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खर्च चलनात न सांगता प्रमाणात सांगितला आहे, कारण भाव दर काही महिन्यांनी हलतात, प्रमाणं सहसा हलत नाहीत. पहिले १४ प्रश्न पेट्रोल-डिझेल गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे आहेत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर थेट प्रश्न १५ वाचा.

१. बॅटरी बदलायला एकूण खर्च किती येतो? कुणीच एक आकडा का सांगत नाही?

कारण बिलात चार-पाच गोष्टी असतात आणि गाडीगणिक त्या बदलतात: बॅटरीची किंमत, बसवण्याची मजुरी, कर, काही गाड्यांत संगणकात नोंद करण्याचे पैसे (प्रश्न ११), आणि या सगळ्यातून वजा होणारी जुन्या बॅटरीची किंमत (प्रश्न ८).

ढोबळ अंदाज हवा असेल तर असा धरा. साध्या बॅटरीची किंमत १ मानली, तर त्याच आकाराची ईएफबी (साधीचीच दणकट आवृत्ती) सव्वा ते दीडपट पडते आणि एजीएम (ऍसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली; दोन्ही प्रश्न ४ मध्ये) दीड ते दुपटीच्या आसपास. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असतं, ते फिरवायला ताकद जास्त लागते, त्यामुळे बॅटरी मुळातच मोठी असते. मोठ्या डिझेल गाडीची एजीएम छोट्या पेट्रोल गाडीच्या साध्या बॅटरीच्या तिप्पट-चौपट किमतीला गेली तर नवल नाही. मजुरी सहसा किरकोळ असते. बॅटरी बोनेटखाली न ठेवता सीटखाली, डिकीत किंवा पुढच्या चाकाजवळच्या कप्प्यात बसवलेली असेल तेव्हाच ती वाढते.

भाव विचारताना ‘बॅटरी कितीला?’ असं विचारू नका. ‘जुनी परत देऊन, बसवून, कर धरून हातात बिल कितीचं?’ असं विचारा. मगच दोन दुकानांची तुलना होते.

२. गाडी सुरू होत नाहीये. बॅटरीच गेली आहे हे पैसे घालण्याआधी कसं ओळखू?

या पानावरचा सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा प्रश्न हाच आहे. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या सैल टर्मिनलपायी किंवा बिघडलेल्या अल्टरनेटरपायी (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) भंगारात जातात, आणि नवी बसवल्यावर दुखणं तसंच राहतं.

आधी कान द्या. सेल्फ मारल्यावर इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी अशक्त आहे. भराभर टकटक आवाज येऊन दिवे मंद होत असतील तर बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल नीट धरत नाही. एकच जाड ‘ठक’ येऊन दिवे लख्ख राहत असतील तर संशय स्टार्टरवर घ्यावा. आणि इंजिन नेहमीच्या वेगानं फिरून पेट घेत नसेल तर बॅटरीचा काही संबंध नाही. इंधन किंवा इग्निशनकडे बघा.

मग टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली, किंवा क्लॅम्प हातानं हलवल्यावर फिरला, तर साफ करून घट्ट आवळा आणि पुन्हा प्रयत्न करा. यात फुटकी कवडी लागत नाही.

त्यानंतर साधा मल्टिमीटर. गाडी काही तास बंद उभी असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी ताण पेलत नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७च्या दरम्यान दिसायला हवा. इंजिन चालू असूनही तो १२च्या घरात रेंगाळला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून एकाच क्षणाच्या आकड्यावर निकाल देऊ नका.

रिकामी बॅटरी आणि बाद बॅटरी वेगवेगळ्या. रात्रभर हेडलाइट चालू राहिले तर नवी कोरी बॅटरीही उतरते: ५५ वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर खातात, म्हणजे १० तासांत ९० अँपिअर-अवर, आणि बहुतेक गाड्यांच्या बॅटरीत तेवढं नसतंच. अशी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरावी, काही तास तशीच ठेवावी आणि मग लोड टेस्ट (ताण देऊन बघणारी चाचणी) करावी. पूर्ण चार्जिंगनंतरही १०.५ व्होल्टच्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. तिथे मात्र दुसरा इलाज नाही.

३. बॅटरी किती वर्षं टिकायला हवी?

साधारण ३ ते ५ वर्षं. थंड हवामान आणि नियमित लांबचा प्रवास असेल तर त्याहून जास्त, कडक उन्हाळा आणि रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर कमी.

बॅटरी थंडीत मरते असा समज आहे, कारण थंड सकाळीच गाडी दगा देते. खरं नुकसान उन्हाळ्यात झालेलं असतं. उष्णतेनं आतल्या जाळ्या गंजतात आणि पाणी उडतं. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं, आणि आधीच खंगलेली बॅटरी उघडी पडते.

४. साधी, ईएफबी, एजीएम यांत फरक काय? जास्त पैसे कशाचे?

तिन्ही शिसं आणि सल्फ्युरिक ऍसिडच्याच आहेत. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवलेल्या बॅटरीचं मूळ रसायन आजही तेच आहे.

साध्या बॅटरीत प्लेट्स पातळ ऍसिडमध्ये बुडालेल्या असतात. झटक्यात मोठा करंट देणं आणि लगेच पुन्हा भरून घेणं हे तिचं काम. ईएफबी ही तिचीच दणकट आवृत्ती. प्लेट्सवरचा मसाला (वीज साठवणारा लेप) गळू नये अशी सोय असते, त्यामुळे वारंवार उतरणं-चढणं ती जास्त सोसते. एजीएममध्ये ऍसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ती सांडत नाही, थरथर सहन करते, पटकन चार्ज होते आणि खोलवर उतरली तरी लवकर खचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम असते ती याचसाठी.

गाडीत मुळात साधी बॅटरी असेल तर निव्वळ ‘भारी’ म्हणून एजीएम घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. समजा साधी १००ला मिळाली आणि ४ वर्षं चालली, तर वर्षाला २५. एजीएम १६०ला मिळून ६ वर्षं चालली, तर वर्षाला सुमारे २७. म्हणजे आयुष्य दीडपट धरूनही हिशेब जेमतेम बरोबरीला येतो. गाडीत जादा विद्युत उपकरणं बसवली असतील, किंवा ती आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल, तर गोष्ट वेगळी.

५. माझ्या गाडीत एजीएम आहे. तिथे स्वस्तातली साधी टाकली तर चालेल का?

गाडी सुरू होईल, म्हणून चालतंय असं वाटेल. पण स्टार्ट-स्टॉपच्या माऱ्यात साधी बॅटरी लवकर खचते, काही महिन्यांत स्टार्ट-स्टॉप बंद पडतं, आणि वाचवलेले पैसे दुसऱ्या बॅटरीत जातात. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर आणखी एक धोका: साध्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला बाहेर काढणारी नळी जोडलेली नसेल तर हा खेळ करू नये.

वरच्या दिशेनं बदल चालतो, म्हणजे ईएफबीच्या जागी एजीएम. खालच्या दिशेनं नाही. मात्र वर जातानाही गाडीच्या संगणकाला सांगावं लागू शकतं. ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. जास्त एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे जास्त साठ्याची) बॅटरी घेतली तर अल्टरनेटर जळतो म्हणतात. खरं?

नाही. बॅटरी तिला हवा तेवढाच करंट घेते. ४५ एएचच्या जागी ५० किंवा ५५ एएच चालते, पण ट्रेमध्ये बसायला हवी, कडी घट्ट लागायला हवी आणि धन टर्मिनल योग्य बाजूला हवं. कमी मात्र घेऊ नये.

फक्त जास्त पैसे मोजून जास्त आयुष्य मिळेल असं गृहीत धरू नका. छोट्याच फेऱ्या असतील तर मोठी बॅटरीही अर्धवटच भरलेली राहते, आणि अर्धवट भरलेल्या प्लेट्सवर सल्फेटचे कठीण खडे धरतात.

७. लेबलवरचे आकडे कसे वाचायचे? दुकानदार म्हणतो ‘हीच बसते’.

एएच म्हणजे साठा. ६० एएचची बॅटरी ३ अँपिअरचा करंट २० तास देते. सीसीए म्हणजे थंडीतली ताकद: उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी किती अँपिअर देऊ शकते ते. ही ताकद मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, म्हणून एका मानकाचा सीसीए दुसऱ्याशी ताडून पाहू नका. गरम प्रदेशात सीसीएच्या मागे लागून जास्त पैसे देण्याचं कारण नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढा किंवा थोडा जास्त पुरे.

जपानी पद्धतीच्या ‘५५बी२४एल’सारख्या कोडमध्ये पहिला आकडा क्षमतेचा दर्जा, अक्षर रुंदी-उंचीचा गट, २४ म्हणजे लांबी साधारण २४ सेंटिमीटर, आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू. ते शेवटचं अक्षर चुकलं की केबल पोचत नाही किंवा उलटी लागते. उलट जोडलेल्या बॅटरीनं फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड उडतात, आणि ते बिल बॅटरीपेक्षा मोठं होऊ शकतं.

८. तीच बॅटरी दोन ठिकाणी वेगळ्या भावाला का? जुन्या बॅटरीचे पैसे धरतात ते कशाचे?

जुन्या बॅटरीत तिच्या वजनाच्या साधारण ६० टक्के शिसं आणि शिशाची संयुगं असतात. १५ किलोच्या बॅटरीत म्हणजे सुमारे ९ किलो. ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही भाव येतो. हा भाव वजनावर ठरायला हवा. दुकानदार ठोक रक्कम सांगत असेल तर ‘किती किलोची धरली?’ एवढं विचारून बघा. काही ठिकाणी उलटी पद्धत असते: जुनी दिली नाही तर नवीवर अनामत लावतात आणि जुनी आणून दिली की परत करतात.

दुसरं कारण उत्पादनाची तारीख. साधी बॅटरी फडताळात पडल्या पडल्या दरमहा काही टक्के उतरते. सहा महिन्यांहून जुना माल स्वस्तात मिळाला तर तो स्वस्त का आहे हे समजून घ्या. घेण्याआधी तारखेचा कोड वाचून दाखवायला सांगा आणि व्होल्टेज मोजा, १२.४च्या खाली असेल तर दुसरी मागा.

जुनी बॅटरी ‘असू दे’ म्हणून घरात ठेवू नका. शिसं विषारी आहे, लहान मुलांना जास्तच.

९. वॉरंटी लांब म्हणून महाग बॅटरी घेतली. खरंच फायदा होतो का?

वॉरंटीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बॅटरी फुकट बदलून मिळते. दुसऱ्या भागात, ज्याला प्रो-राटा म्हणतात, नव्या बॅटरीवर सूट मिळते आणि महिने उलटतील तशी ती घटत जाते. जाहिरातीत दोन्हींची बेरीज मोठ्या अक्षरांत असते.

गोम अशी की दुसऱ्या भागातली सूट बहुधा छापील किमतीवर मोजतात. छापील किंमत १००, पण बाजारात तीच ७५ला मिळते असं धरा. प्रो-राटात २० टक्के सूट मिळाली तर तुम्ही ८० भरता, म्हणजे सरळ नवी घेण्यापेक्षा ५ जास्त. शिवाय बदलून मिळालेल्या बॅटरीला बऱ्याचदा नवी वॉरंटी लागत नाही, जुनीचीच उरलेली चालू राहते. म्हणून तुलना करताना फुकट बदलीचेच महिने मोजा. बिल आणि वॉरंटी कार्डावर अनुक्रमांक व तारीख लिहून घ्यायला विसरू नका.

१०. स्वतः बसवली तर किती वाचेल?

मजुरी, म्हणजे फारसं नाही. अनेक विक्रेते बसवून फुकटच देतात. बोनेटखालची साधी बॅटरी असेल तर काम सोपं आहे. काढताना ऋण टर्मिनल आधी, जोडताना ऋण शेवटी. हा क्रम पाळला की पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, वजन १२ ते २० किलो असतं हे ध्यानात ठेवा, आणि खालची कडी आवळल्याशिवाय बोनेट लावू नका. सैल बॅटरी थरथरून लवकर मरते. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, पण ते काम दोन मिनिटांचं.

प्रश्न ११ मधली गाडी असेल तर घरगुती प्रयोग नको.

११. नवी बॅटरी ‘संगणकात नोंदवायचे’ म्हणून वेगळे पैसे मागतात. ही लूट आहे का?

काही गाड्यांत खरी गरज आहे. बीएमडब्ल्यू, ऑडी आणि इतर अनेक गाड्यांत संगणक बॅटरीवर लक्ष ठेवतो आणि बॅटरी जुनी होत जाईल तशी चार्जिंगची पद्धत बदलतो. नवी बसवल्याचं कळलं नाही तर तो तिला जुनीसारखंच वागवतो, आणि आयुष्य घटतं. त्याच प्रकारची, त्याच क्षमतेची असेल तर नुसती नोंद पुरते. प्रकार किंवा एएच बदललं असेल तर कोडिंग बदलावं लागतं. स्कॅनर असेल तर काम काही मिनिटांचं आहे, तेव्हा मागितलेली रक्कम त्या मानानं असावी. तुमच्या गाडीला हे लागतं का, ते पुस्तिकेत पाहा. ज्या गाडीत अशी व्यवस्थाच नाही तिच्यासाठी हे पैसे मागितले तर नकार द्या.

१२. पावडर किंवा द्रव टाकून मेलेली बॅटरी जिवंत होते का?

हा दावा फार जुना आहे. अमेरिकेत एडी-एक्स२ नावाची अशीच पावडर विकली जात होती. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं तपासून तिचा उपयोग नाही असं सांगितलं, तर १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ऍलन ऍस्टिन यांनाच पद सोडायला सांगण्यात आलं. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि त्यांना परत घ्यावं लागलं. पावडर निघाली सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट.

सल्फेट नुकतंच धरू लागलं असेल तर मंद, लांब चार्जिंगनं काही क्षमता परत येते. गळून पडलेला मसाला आणि गंजलेली जाळी कशानंही परत येत नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी उतरल्यावर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ऍसिड नको, नळाचं पाणी तर नकोच.

१३. नवी बॅटरी बसवली आणि महिन्याभरात उतरली. बॅटरी खराब निघाली का?

आधी अल्टरनेटर (प्रश्न २), मग चोरटा करंट. कुलूप लावून उभी असलेली गाडीही घड्याळ, अलार्म, संगणक यांसाठी थोडा करंट घेते. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्यावर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि ६० एएचची बॅटरी अर्धी व्हायला २५ दिवस लागतात. पण हाच आकडा ४०० झाला तर अर्धी बॅटरी ३ दिवसांत संपते. बाहेरून जोडलेला कॅमेरा, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम, न विझणारा डिकीतला दिवा हे नेहमीचे संशयित. मोजताना गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, कारण तिचे संगणक सावकाश झोपतात.

यावर तिसरी बॅटरी घेणं हा उपाय नाही. तासाभराची इलेक्ट्रिशियनची मजुरी स्वस्त पडते.

१४. गाडी व्यवस्थित सुरू होते, पण टेस्टर ‘बदला’ म्हणतो. विश्वास ठेवू का?

लगेच नाही. हे छोटे टेस्टर बॅटरीचा अंतर्गत रोध पाहून अंदाज बांधतात. बॅटरी अर्धवट भरलेली असेल, किंवा टेस्टरमध्ये चुकीचा सीसीए अथवा प्रकार निवडला असेल, तर निकाल चुकतो. पूर्ण चार्ज करून दुसरीकडे पुन्हा तपासून घ्या. तरीही तेच आलं आणि बॅटरी ४ वर्षांच्या पुढची असेल, तर सवडीनं भाव काढून बदला. रस्त्यात अडकून घेतलेली बॅटरी नेहमीच महाग पडते, कारण तिथे टोइंगही आपल्याच माथी आणि भावही समोरचा सांगेल तो.

उलट प्रसंगही येतो. टेस्टर ‘ठीक’ म्हणतो आणि सकाळी गाडी उठत नाही. चालवून आल्या आल्या तपासलेल्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो, त्यामुळे व्होल्टेज फसवं दिसतं. काही मिनिटं हेडलाइट लावून, मग बंद करून, पुन्हा मोजा.

१५. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बदलायचा खर्च अफाट असतो ना?

कोणती बॅटरी ते आधी ठरवा. गाडी पळवणारा उच्च व्होल्टेजचा पॅक हा वेगळाच मोठा खर्च आहे. त्याची वॉरंटीही वेगळी असते आणि त्याला घरी हातही लावायचा नसतो. पण या गाड्यांमध्ये दिवे, कुलपं आणि संगणक चालवायला एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि गाडी ‘मेली’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तीच उतरलेली असते. ती बदलण्याचा खर्च साध्या गाडीच्या बॅटरीच्या आसपास असतो, कधी कधी जास्त, कारण ती बऱ्याचदा एजीएम किंवा खास आकाराची असते. टेस्लानं २०२१ पासून काही मॉडेलमध्ये ती लिथियमची केली. तिथे बाजारातली शिशाची बॅटरी अदलाबदलीनं बसत नाही.

दुरुस्तीचं पत्रक हातात आलं की त्यावर ‘बॅटरी’ एवढंच लिहिलंय की कोणती ते, हे वाचूनच सही करा. बोलण्यातल्या या एका गोंधळानं काहींनी चालती गाडी विकायला काढली आहे.